नवरीच्या मामाचा तोल

मी आयुष्यात दारूचा थेंब चाखलेला नाही, आणि तरीही सख्ख्या भाचीच्या हळदीला, माळकरी दाजींच्या तोंडावर, 'हो, घेतो थोडी' असं कबूल करून बसलो.

कुणी मारून-मुटकून वदवून घेतलं नव्हतं. न पिता दारुडे ठरलेले लोक जगात बरेच असतील, पण स्वतःहून अर्ज करून ठरलेला बहुधा मी एकटाच.

या सगळ्याची सुरुवात माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूला झाली.

मी जालन्यात राहतो. एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कंपनीत माल रवाना करायच्या खात्यात आहे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. मधे भाची कॉलेजसाठी माझ्याकडे राहायला होती. तेव्हा घराला आवाज होता. मिक्सर, तिचा फोन, 'मामा, माझी ओढणी कुठंय' हा रोजचा आरडाओरडा. मग तिला पुण्यात नोकरी लागली आणि घर असं गप्प झालं की फ्रिज घुरघुरायला लागला की मला बरं वाटायचं. कुणीतरी घरात आहे असं वाटायचं.

तर एके सकाळी उठलो आणि खोली फिरायला लागली. मी नाही, खोली. पंखा भिंतीवर, भिंत जमिनीवर. मोरीपर्यंत रांगत गेलो, उलट्या झाल्या, रांगत परत आलो. आणि आदल्या दिवशी खाल्लेल्या मिरचीच्या भज्यांवर सगळा आळ टाकून झोपून राहिलो. आमच्याकडं माणसाला काहीही झालं तरी पहिला संशय पित्तावर असतो. कंपनीत फोन केला, "पित्त झालंय." साहेब म्हणाले, "मलाबी झाल्तं मागं." विषय संपला.

दोन दिवसांनी खोली थांबली, पण मी थांबेना. चालताना पाय फाकत होते, एक इकडे जाऊ म्हणायचा, एक तिकडे. भिंतीला हात लावून चालायला लागलो. बोलणंही जड झालं होतं, पण ते मला फार उशिरा कळलं, कारण घरात बोलायचं कुणाशी? एकदा मोबाइल कंपनीला तक्रार करायला फोन लावला, तर पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, तुमचा आवाज तुटतोय. रेंजमध्ये येऊन बोला." मी गॅलरीत गेलो. "सर, अजून तुटतोय." कठड्याला धरत गच्चीवर गेलो. "सर, तरी तुटतोय." सगळं आकाश मोकळं होतं. वर एकही भिंत नव्हती. तुटत होतो तो मीच, हे मला तिथंही कळलं नाही. मी रेंजला शिव्या देत खाली आलो.

कळलं ते कुलपापाशी. संध्याकाळी कामावरून येऊन दाराशी उभा, आणि किल्ली काही भोकात जाईना. हात नेम धरून निघायचा आणि ऐनवेळी कधी डावीकडे जायचा, कधी उजवीकडे. समोरच्या घरातला गृहस्थ बाहेर आला, माझ्या हातातली किल्ली घेतली, दार उघडून दिलं आणि माझ्या तोंडाकडे न बघता म्हणाला, "काका, रोजच्या रोज नका घेऊ."

मी त्याला काही बोललो नाही. बोललो असतो तर जीभ अडखळली असती आणि त्याची खात्रीच पटली असती.

मग संभाजीनगरला मेंदूच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर म्हणाले, "आधी तुमच्या नाकाला बोट लावा, मग माझ्या बोटाला." माझं बोट नाकापासून नीट निघालं आणि त्यांच्या चष्म्याच्या काचेवर जाऊन बसलं. त्यांनी काच पुसली आणि मला तपासणीला पाठवलं. नंतर माझ्या डोक्याचे फोटो उजेडावर धरून म्हणाले, "हा मोठा मेंदू. हा बिलकुल शाबूत आहे."

मला फार बरं वाटलं. असं प्रमाणपत्र मला आजवर कुणी दिलेलं नव्हतं.

"आणि हा त्याच्या मागं, खाली," ते म्हणाले. मोठ्या फुलकोबीच्या गड्ड्याखाली लहान गड्डा दबून बसावा तसं काहीतरी दिसत होतं. "हा लहान मेंदू. इथं डाग दिसतोय ना? रक्ताची गुठळी अडकली होती. पित्त म्हणून झोपून राहिलात? त्याच तासाला यायला पाहिजे होतं. नशीब समजा, थोडक्यात भागलं."

मी विचारलं, हा लहान मेंदू करतो काय? ते म्हणाले, "गाडी चालवली आहे का कधी? स्टेअरिंगला प्ले आला की काय होतं?"

हे मला समजत होतं. आमच्या कंपनीच्या जुन्या जीपला इतका प्ले होता की चाक अर्धं फिरवलं तरी गाडीला पत्ता लागत नसे, आणि मग एकदम लागायचा.

"तसंच. इंजिन चांगलं, चाकं चांगली, ड्रायव्हर शुद्धीत. पण किती फिरवायचं आणि कुठं थांबायचं, हे मापच बिघडलंय. लहान मेंदू हुकूम देत नाही. दिलेला हुकूम मापात बसवतो. चालणं, बोलणं, घास गिळणं, डोळे फिरवणं. श्वास आणि नाडी सांभाळण्यातसुद्धा त्याचा थोडा हात असतो." मग त्यांनी पेन उचललं. "उगाच हसू येतं का? रडू?"

आता मला सांगावं लागलं. ऑफिसातल्या एकाचे वडील वारले म्हणून भेटायला गेलो होतो. सगळे मान खाली घालून बसलेले, आणि मला हसू आलं. गालात वगैरे नाही, चांगलं खदखदून. तोंडात रुमाल कोंबून बाहेर पळालो. उलट, गोदामात बियाण्याची एक पिशवी फाटून ज्वारी सांडली, तेव्हा घळाघळा रडलो. हमाल माझ्याकडे बघत राहिले. ज्वारी त्यांनी नंतर भरली, आधी मला पाणी दिलं.

"तेही त्यातलंच," डॉक्टर म्हणाले. "हात किती पुढं न्यायचा याचं जसं माप, तसं किती हसायचं, किती रडायचं, यालाही माप लागतं. त्यातही हा मदत करतो, असं आता दिसतंय. सगळं अजून आम्हालाही उलगडलेलं नाही. शांतपणे मागं बसून काम करतो बिचारा. आहे तोवर कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही."

"म्हणजे घरातल्या बाईसारखा," मी म्हणालो. "गेल्यावर कळतं."

आणि मला रडू आलं. डॉक्टरांनी ते आजाराच्या लक्षणांत लिहून घेतलं. मी दुरुस्त केलं नाही.

औषधं सुरू झाली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी फरशीच्या रेघेवर एका पावलापुढं दुसरं पाऊल टाकायला लावलं. म्हणाल्या, पायांकडे बघायचं नाही, लांब एखाद्या वस्तूवर नजर ठेवायची, घाई करायची नाही. सराव केला तर हा मेंदू परत शिकतो. मी घरी देवाच्या फोटोवर नजर ठेवून चालू लागलो. फोटो जवळ येताना डुलायचा. देव डुलतोय हे बघून आधी हसू यायचं, मग रडू.

आणि अशात भाचीचं लग्न ठरलं.

लग्नात मामाचं काम काय, हे सांगायला नको. नवरा उभा राहतो, अंतरपाट धरला जातो, आणि माइकवरून आवाज येतो, 'वधूच्या मामांनी वधूला मंडपात घेऊन यावं.' मग मामा नवरीचा हात धरून तिला घेऊन येतो आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या मागं उभा राहतो. एवढंच. पण बायको गेल्यापासून मला कुणाचा नवरा म्हणत नाहीत, बाप म्हणणारं तर कुणी नव्हतंच. मामा तेवढा उरलो होतो. ताईला सख्खा भाऊ मी एकच. साऱ्या जगात माइकवरून मला बोलावलं जाईल असा हा एकच प्रसंग होता, आणि तो एकदाच येणार होता.

म्हणून मी आजाराचं कुणाला सांगितलं नाही. आजारी पाहुण्याचं लग्नात काय होतं ते मी बघितलेलं आहे. त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत कूलरसमोर बसवतात. येणारा-जाणारा गोळ्यांची नावं विचारतो. लिंबू-पाणी मिळतं. मामापण मिळत नाही. 'राहू दे मामा, त्रास होईल,' असं प्रेमानं म्हणून हळूच दुसऱ्याला उभं करतात. दर रविवारी भाचीचा फोन यायचा, तोही मी 'रेंज न्हाई गं इथं' म्हणून जल्दी ठेवून द्यायचो.

घरी सराव सुरू केला. नवरी म्हणून ट्रॉली बॅग घेतली. तिचा दांडा वर ओढला की साधारण मुलीच्या हाताच्या उंचीवर यायचा. स्वयंपाकघर म्हणजे नवरीची खोली, देवाचा फोटो म्हणजे स्टेज. मीच तोंडानं 'वधूच्या मामांनी' म्हणायचो आणि मीच निघायचो. बॅग मला सांभाळायची का मी बॅगला, हे ठरत नव्हतं. एकदा उंबऱ्याला अडकून दोघं आडवे झालो. तेवढ्यात खिडकीतून समोरचा गृहस्थ दिसला. मी जमिनीवर बॅगेला मिठी मारून पडलेलो. त्यानं हळूच आपली खिडकी लावून घेतली.

हळदीच्या दिवशी दुपारी ट्रॉली बॅग घेऊन ताईच्या गावी, कुंभार पिंपळगावला, एसटीतून उतरलो. एसटीतून उतरलेला माणूस थोडा डुलतोच, त्यामुळे तिथं कुणाला काही वाटलं नाही. ताईनं दारातच मला बघितलं आणि म्हणाली, "वाळला रे. जेवतो का न्हाई?" आणि उत्तराची वाट न बघता हातात हळदीचं ताट दिलं. "जा, मांडवात ने. मामाच्या हातानं जाऊ दे."

आता ताटाला नको कसं म्हणायचं? नजर लांब मांडवाच्या खांबावर लावली आणि निघालो. निम्म्यात आलो तोवर सगळं बराबर होतं. मग डीजे सुरू झाला, कुणीतरी बाजूनं धावत गेलं, आणि माझे हात आपापल्या मर्जीनं ताट घेऊन निघाले. समोर आमचा धावडा गावचा चुलतभाऊ पांढऱ्या कपड्यांत उभा होता. गुत्तेदार माणूस, कंत्राटं घेणारा, मनगटावर मोठं घड्याळ. नवरीच्या आधी त्याला हळद लागली. मी खुर्च्यांच्या थप्पीवर जाऊन बसलो, आणि थप्पी माझ्यासकट आडवी झाली.

त्यानं मला उचललं. उचलताना तोंडाजवळ नाक आणलं. "काय दादा, उन्हातच?" मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वास न्हाई. म्हंजे पांढरी असंल, व्होडका."

दाजी मला पाण्याच्या टाकीमागं घेऊन गेले. दाजी म्हणजे शांत माणूस. गळ्यात तुळशीची माळ, आवाज कधी चढत नाही. "पाव्हणं," ते म्हणाले, "आपल्या घरात हा प्रकार न्हाई चालत, तुम्हाला ठाऊक हाय. मला खरं सांगा. घेता का?"

त्या क्षणी मी हिशेब केला. आजारी म्हणालो तर कूलरची खुर्ची. पितो म्हणालो तर? पिणाऱ्याची सकाळी उतरते. आजाऱ्याची उतरत नाही. सकाळी आंघोळ करून उभा राहिलो की विषय मिटला. हिशेब पुरा होतोय तोवर नेमकं ते हसू आलं. पोटातून, खदखदून.

"हसू येऊन राह्यलं तुम्हाला?" दाजींचा चेहरा पडला.

"हो दाजी," मी हसत हसत, अडखळत म्हणालो. "घेतो थोडी. उद्या न्हाई घेणार."

दाजींनी टाकीचा गळका नळ घट्ट बंद केला. "उद्या मामा म्हणून त्याला उभं करतो," ते म्हणाले. त्याला म्हणजे त्या पिवळ्या झालेल्या चुलतभावाला. "तुम्ही पंगतीकडं बघा."

आजारी मामाला खुर्ची देतात आणि दारुड्या मामाला पंगत, एवढाच काय तो फरक. माळकरी घरात पोरीचा हात दारुड्याच्या हातात कुणी देत नाही, हे कळायला मोठा मेंदू लागतो. आणि तो तर माझा शाबूत होता. माझ्याकडे फोटो होता.

दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालयात मी भाताच्या पातेल्याजवळ बसलो. फेटेवाला आला, सोयऱ्यांना फेटे बांधले. मामाचा फेटा तुऱ्याचा होता, तो चुलतभावाच्या डोक्यावर गेला. मला बघून आचारी वाढप्याला म्हणाला, "ह्यांच्या हातात वरणाची बादली नको देऊ." बातमी भटारखान्यापर्यंत आल्ती. इतक्या माणसांत इतका एकटा मी जालन्याच्या घरातही नव्हतो. तिथं निदान फ्रिज होता.

तेवढ्यात निरोप आला, नवरी बोलावतेय.

ती खोलीत शालू नेसून बसली होती. तिनं मैत्रिणींना बाहेर काढलं. "मामा, इकडं ये. आ कर."

मी आ केला. तिनं वास घेतला.

"वास कुठंय?"

"पांढरी होती," मी म्हणालो.

"पांढरी! मामा, मी तुझ्याकडं राहिलेय. खोकल्याचं औषध पिताना तू बाटलीवरचं वाचायचास, यात दारू तर न्हाई ना म्हणून." मग तिचा आवाज खाली आला. "आन् रविवारी फोनवर रेंज न्हाई म्हणायचास. तुझा शब्द तुटायचा, पण मागं फ्रिज बराबर ऐकू यायचा. काय झालंय तुला?"

मी सांगितलं. पित्त, कुलूप, डाग, सगळं. तिनं ओठ दाबून धरले.

"रडू नको," मी म्हणालो.

"मी न्हाई रडत. माझा मेकअप किती वेळ चाललाय तुला म्हाईत न्हाई. काल का न्हाई सांगितलं?"

"खुर्ची दिली असती."

बाहेर माइक खरखरला आणि आवाज आला, 'वधूच्या मामांनी वधूला मंडपात घेऊन यावं.' दारात चुलतभाऊ येऊन उभा राहिला, तुरा सावरत. भाचीनं एका हातानं माझा दंड धरला आणि त्याला म्हणाली, "मामा, तुम्ही पुढं व्हा. गर्दी फार हाय, रस्ता करा."

तो रस्ता करत पुढं निघाला. त्याला बिचाऱ्याला वाटलं, तोच मामा आहे.

आम्ही निघालो. नजर लांब ठेवायची, म्हणून मी स्टेजवरच्या अंतरपाटाकडे बघत होतो. तो डुलत होता. सतरंजीला एक घडी पडलेली. माझा पाय डावीकडे गेला, तशी तीही डावीकडे झुकली, जणू तिलाच हुंदका आलाय. मी उजवीकडे गेलो, ती उजवीकडे. नवरीनं हळू चालायचं असतं, मान खाली घालायची असते, अडखळायचं असतं. माझी सगळी चूक तिच्या शालूत खपून गेली. "दमानं," ती खालच्या मानेनं पुटपुटत होती, "मामा, दमानं. पायरी आली. उचल." बायकांच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "पोरगी किती रडून राह्यली बघ. मामा हाय म्हणून सावरलीय."

स्टेजवर दाजी होते. त्यांनी मला बघितलं आणि त्यांच्या हातातल्या अक्षता थांबल्या. पण भरल्या मांडवात काय बोलणार? मी भाचीच्या मागं उभा राहिलो. 'सावधान' म्हणून भटजी थांबले, सगळं शांत झालं, आणि मला उचकी लागली. प्रत्येक सावधानाला एक. माझ्या अक्षता भाचीकडे म्हणून निघाल्या आणि फोटोग्राफरच्या मानेवर पडल्या. पण मी उभा राहिलो. पडलो नाही.

पाठवणीला सगळे रडत होते. ताई, दाजी, आचारीसुद्धा. मला हसू आलं. रुमाल कोंबला, मान फिरवली, काही केल्या थांबेना. लोक बघायला लागले. गाडीत बसता बसता भाचीनं मला पाहिलं. तिला ठाऊक होतं ते हसू कुठल्या डागातून येतंय. रडता रडता ती एकदम फिसकन हसली, काजळ पार गालावर आलं, आणि गाडी गेली.

मग कार्यालय रिकामं झालं. खुर्च्यांच्या थप्प्या लागल्या. मी ट्रॉली बॅग शेजारी ठेवून एका खुर्चीत बसलो. जालन्याला परत हीच सोबतीला येणार होती. ताई आणि दाजी समोर येऊन बसले, आणि मी दोघांना सगळं सांगितलं.

"कधीपासून?" ताईनं विचारलं.

"झाले की काही महिने."

"आन् कुणालाच दिसलं न्हाई?"

"दिसायला घरात कुणी पाहिजे ना, ताई."

ती पदर डोळ्यांना लावून बसली. दाजींचं मात्र अजून जुळत नव्हतं.

"म्हंजे तुम्ही पीत न्हाई?"

"न्हाई दाजी."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

"अहो, मी सकाळपासून व्याह्यापर्यंत समद्यांची माफी मागत फिरून राह्यलो!"

ताईनं नाक पुसलं. "डॉक्टर काय म्हणला ते नीट सांग मला."

"लहान मेंदूत डाग हाय, सरावानं सुधारतं म्हणला. मोठा मेंदू बिलकुल शाबूत हाय."

ताईनं माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"मोठा शाबूत हाय म्हणला? मंग दुसऱ्या डॉक्टरला दाखव."